बेस गिटार घ्यायची आहे? आधी डग्गा ऐका

बेस गिटार शिकायचं ठरवलं असेल तर पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नका. बरे हेडफोन लावा आणि आवडीची पाच-सहा गाणी पुन्हा ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर हे जमणार नाही. बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढ्या खाली पोचतच नाही. हेडफोनवर मात्र गायकाच्या खाली, ढोलाला चिकटून, एक जाडसर गोल आवाज चालताना ऐकू येईल. तो तोंडाने गुणगुणून बघा. गाण्याची चाल बाजूला ठेवून फक्त ती खालची ओळ गुणगुणता आली, की बेस तुम्हाला ऐकू यायला लागला असं समजा. ज्याला तो ऐकू येत नाही, त्याला कितीही महाग वाद्य दिलं तरी त्याचं काय करायचं ते कळत नाही.

माझा कान तबल्यावर तयार झाला, त्यामुळे मला बेस कळला तो डग्ग्यातून. आठ मात्रांचा केरवा ताल घ्या: धा गे ना ती, न क धी न. डग्गा ‘धा’वर आणि ‘गे’वर घुमतो, मग गप्प होतो. ‘क’वर नुसता बंद थाप पडतो आणि ‘धी’वर घुमारा परत येतो. मधल्या त्या गप्प राहण्यामुळेच पुढच्या ‘धा’ला वजन येतं. बेस गिटारचं काम हेच आहे, फक्त तिथे घुमाऱ्याला निश्चित सूर असतो. सूर कुठे सुरू करायचा हे सगळे शिकवतात. तो कुठे थांबवायचा, हे या वाद्याचं खरं शिक्षण आहे, आणि या लेखात मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

थोडा इतिहास, कारण तो दुकानात उपयोगी पडतो. १९५१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उंच डबल बेस. त्याला पडदे, म्हणजे तारांखाली बसवलेल्या आडव्या पट्ट्या, नसत, सूर कानाने शोधावा लागे आणि मोठ्या वाद्यवृंदात तो ऐकूही येत नसे. फेंडर यांनी बेसला गिटारसारखे पडदे, म्हणजे फ्रेट, दिले. बोट ठेवलं की सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. १९६० मध्ये त्यांचाच जॅझ बेस आला, त्याची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वरच्या टोकाला जास्त निमुळती. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बेस गिटार या दोघींपैकी एकीच्या वळणाच्या असतात. हात लहान असेल तर जॅझच्या वळणाची मान आधी धरून बघा. तिची टोकाची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर असते, प्रिसिजनची ४१-४२. आकडा किरकोळ वाटतो, पण पंजाला तो लगेच कळतो.

दुकानात काय बघायचं

चार तारांची घ्या. पाच तारांची घेतली म्हणजे जास्त मिळतं असं नव्हे. पाचव्या, सर्वांत जाड तारेचा उपयोग व्हायला वेळ लागतो आणि तोवर ती नको तेव्हा घुमत राहते, म्हणजे दाबून ठेवायला आणखी एक तार वाढते.

लांबीचा विचार करा. तारा खाली जिथे अडकवतात त्या ब्रिजपासून मानेच्या वरच्या टोकाला त्या टेकतात त्या नटपर्यंत तारेची वाजणारी लांबी बहुतेक बेसमध्ये ३४ इंच असते. ३० इंचाच्या, म्हणजे शॉर्ट स्केल, गिटारही मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना किंवा लहान चणीच्या माणसांना त्या खरोखर बऱ्या पडतात, त्यात कमीपणा काही नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा प्रसिद्ध बेससुद्धा शॉर्ट स्केलच होता.

पट्टा लावून उभे राहा आणि दहा मिनिटं तसेच राहा. बेस साधारण चार किलोचा असतो आणि पहिल्या मिनिटाला तो हलकाच वाटतो. मग डावा हात सोडून द्या. बेसची मान खाली झुकली तर त्या वाद्याचा तोल बरोबर नाही. ते घेतलंत तर डावा हात वाजवण्याऐवजी मान सावरण्यातच दमेल.

यानंतर शांतपणे करायचं एक काम आहे आणि त्याला कुणालाही घाई करू देऊ नका. अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, न लावता सर्वांत जाड तारेपासून सुरुवात करा. पहिला फ्रेट दाबा, तार छेडा, सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका. मग दुसरा, तिसरा, असं शेवटपर्यंत. चारही तारांवर. कुठे झणझण येते का, कुठे सूर इतरांपेक्षा लवकर मरतो का, कुठे दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर येतो का, ते बघा. नंतर मानेच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर महिन्याभरात हात सोलवटेल. शेवटी बेस बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरून ब्रिजकडून मानेवरून नजर टाका. मान किंचित पुढे वाकलेली असेल तर काळजी नाही, ते मानेच्या आतल्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, सुधारतं. पण ती पिळली गेली असेल, म्हणजे एक कड वर आणि एक कड खाली दिसत असेल, तर ते वाद्य खाली ठेवा.

हे मी सोसून शिकलो. माझी पहिली बेस मी सेकंडहँड घेतली होती, चकचकीत पॉलिशची. सातव्या फ्रेटच्या पुढे दोन तारा कायम झणझणत. कारागिराने मान डोळ्यासमोर धरली आणि दोनच वाक्यं बोलला: वाकलेली मान सरळ करता येते, पिळलेली नाही. सेकंडहँड घेऊ नका असं मी म्हणत नाही. चांगला, वापरलेला बेस नव्या स्वस्त बेसपेक्षा अनेकदा सरस असतो. फक्त मान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवीन घ्यायची तर यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका, कोर्टची ॲक्शन, फेंडरच्याच घरातली स्क्वायर, यांतली कुठलीही पहिल्या तीन-चार वर्षांना पुरते. साधारण १५ ते ३० हजारांच्या पट्ट्यात चांगली सुरुवात होते. मुंबईत असाल तर धोबी तलावला फर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात चार-पाच वेगवेगळ्या वळणाच्या बेस एकापाठोपाठ हातात धरून बघता येतात, आणि तसं बघणं फार मोलाचं आहे. लाकडाच्या नावांवर फार वेळ घालवू नका. बजेटमधले दोनेक हजार सेटअपसाठी, म्हणजे कारागिराकडून तारांची उंची आणि मान जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवा. दुकानातून आलेल्या वाद्याच्या तारा अनेकदा फार उंच असतात, आणि उंच तारांवर शिकणारा माणूस वाद्याच्या दोषाला आपला दोष समजून सोडून देतो. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दोन-अडीच मिलिमीटर अंतर असेल तर हाताला सोपं जातं.

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेली, घ्यायची की ॲक्टिव्ह? ॲक्टिव्हमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि आवाजाला जास्त वळणं देता येतात. पहिल्यांदा पॅसिव्ह बरी. ॲक्टिव्ह घेतलीच तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी संपत राहते.

अँप लगेच हवा का?

घरी लगेच नको. बेस थेट कानात ऐकवणारा छोटा हेडफोन अँप सुरुवातीला पुरतो, आणि शेजाऱ्यांशी संबंधही चांगले राहतात. खालचे सूर भिंतीतून सहज पलीकडे जातात, त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोत. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि त्या उशिराने तालाची जाण बिघडते. घरातला साध्या गिटारचा छोटा अँप असेल तर त्यावर हळू आवाजात वाजवायला हरकत नाही, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटू शकतो.

काहीच नसेल तर बेसच्या अंगाचं वरचं टोकदार शिंग लाकडी कपाटाला टेकवा आणि तार छेडा. कपाट गायला लागतं. आमच्या घरात जुनं सागवानी कपाट होतं. त्याला टेकून वाजवताना सूर छातीत उतरायचा आणि तो कुठे संपतो ते अगदी स्पष्ट कळायचं. कान लावण्यासाठी मी आजही कधीकधी तसंच करतो.

सुरात लावणं

तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. पेटीवर हात असेल तर सोपं आहे: पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५. आणखी एक गंमत बघा. जाड तारेला सा मानलं तर तिच्या शेजारची तार म आहे. त्या म ला सा मानलं तर त्याच्या पुढची पुन्हा म. चारही तारा अशा मध्यमाने जोडलेल्या आहेत. म्हणून कुठल्याही तारेचा पाचवा फ्रेट दाबला की पुढच्या बारीक तारेचा मोकळा सूर मिळतो, आणि ट्यूनर जवळ नसला तरी बेस सुरात लावता येते.

मोबाइलमधले ट्यूनर जाड तारेवर गोंधळतात. अशा वेळी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा एक सप्तक वरचा सूर येतो, तो ट्यूनरला चटकन कळतो. सूर चढला असेल तर आधी थोडा जास्त उतरवा आणि मग चढवत जागेवर आणा, म्हणजे तार टिकून राहते.

दोन्ही हात

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीवर, टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवा, पायऱ्या चढल्यासारखे. बोट तारेवरून ओढून हवेत उडवू नका. छेडल्यावर ते शेजारच्या जाड तारेवर जाऊन विसावू द्या. ए तार छेडली की बोट ई तारेवर थांबतं, त्यामुळे ई आपोआप गप्प राहते. डी आणि जी वाजवताना अंगठा ई तारेवर उतरवा. बेस शिकणाऱ्याचं निम्मं काम नको त्या तारा गप्प ठेवण्याचं आहे आणि ते पहिल्या दिवसापासून हातात बसलं पाहिजे.

बोटांनी की पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चकतीने, या वादात पडू नका. अमेरिकेतल्या मोटाउन या कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन फक्त तर्जनीने वाजवत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये नाव कमावलेल्या कॅरोल के पिक वापरत. आधी बोटं शिका, कारण त्यात सूर बंद करणं जास्त चांगलं समजतं. अंगठ्याने तार आपटण्याची स्लॅप पद्धत सहा महिने बाजूला ठेवा.

डावा हात. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण तिच्या अलीकडे. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर, मनगट शक्य तेवढं सरळ. आता एक प्रयोग करा. एक सूर दाबा आणि तो वाजत असताना बोटाचा दाब हळूहळू कमी करा. एका जागी झणझण सुरू होईल. तिथून केसभर दाब वाढवा. तेवढाच दाब पुरतो. बहुतेक नवशिके याच्या तिप्पट जोर लावतात आणि आठवड्याभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखणं घेऊन बसतात. बोटांच्या टोकांची आग सुरुवातीला होणारच, पंधरा-वीस दिवसांत कातडी घट्ट होते. मनगट किंवा कोपर दुखलं तर मात्र त्या दिवशी थांबा.

३४ इंचाच्या बेसवर पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटमध्ये साडेचार सेंटिमीटरचं अंतर असतं, आठव्यापाशी ते सव्वातीनच्या आसपास येतं. म्हणून सुरुवात आठव्या फ्रेटच्या आसपास करा. पहिल्या फ्रेटकडे गेलात की चार फ्रेटला चार बोटं ताणण्याचा हट्ट नको. डबल बेसवाले पूर्वापार तर्जनी, मधलं आणि करंगळी अशी तीनच बोटं तीन सुरांना लावतात, अनामिका करंगळीला आधार देते. मी तसंच करतो.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात नुसत्या मोकळ्या तारा. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा, प्रत्येक ठोक्याला एक सूर. इथे कंटाळा येईल, म्हणून लगेच दुसरी गोष्ट जोडा. सूर पुढच्या ठोक्यापर्यंत पूर्ण वाजू द्या. मग अर्ध्यातच तोडा. मग पाव. मोकळी तार उजव्या हाताच्या पुढच्या बोटाने थांबवता येते. दाबलेला सूर थांबवताना डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं सैल करायचं. उचललंत तर मोकळी तार बोलते. हा सगळा रियाज मोबाइलवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. वाजवताना सूर बरोबर संपला असं वाटतं आणि ऐकताना तो दर वेळी वेगळ्या जागी संपलेला दिसतो. हे ऐकू यायला लागलं, की प्रगती सुरू झाली.

दुसऱ्या आठवड्यात नकाशा. ई तारेचा आठवा फ्रेट म्हणजे पांढरी १, त्याला सा म्हणा. शेजारच्या ए तारेवर त्याच आठव्या फ्रेटला म. दोन फ्रेट पुढे, दहाव्याला प. आणखी एक तार ओलांडून डी तारेवर त्याच दहाव्याला तार सा. हा आकार मानेवर कुठेही उचलून ठेवा, तो बदलत नाही. पेटीवर प्रत्येक पट्टीला बोटं नव्याने बसवावी लागतात, इथे नाही. सा, प आणि वरचा सा, या तीन सुरांवर हजारो गाण्यांचा बेस उभा आहे.

मग भूप राग. ई तारेवर ८ आणि १० (सा, रे), ए तारेवर ७ आणि १० (ग, प), डी तारेवर ७ आणि १० (ध, सां). आरोह-अवरोह सावकाश, गाऊन. गाता येत नाही तो सूर वाजवू नका, निदान या महिन्यात तरी. शाळेत प्रार्थना म्हटली असेल एवढा गळा पुरतो.

तिसऱ्या आठवड्यात तबल्याचं ॲप लावा, केरवा, सावकाश लयीत. पहिल्या मात्रेला सा, पाचव्या मात्रेला प, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी सूर चौथ्या मात्रेच्या शेवटपर्यंत धरा. दुसऱ्या दिवशी डग्गा जिथे गप्प होतो तिथेच तुम्हीही गप्प व्हा, म्हणजे ‘धा गे’ला सूर आणि ‘ना ती’ला शांतता. तिसऱ्या दिवशी ‘धी’वर डग्ग्याबरोबर परत या. तीनच सूर, पण तीन दिवसांत तीन वेगळी गाणी वाजवल्यासारखी वाटतील. मला या वाद्याचं वेड लागलं ते याच व्यायामाने.

चौथ्या आठवड्यात एक गाणं. गाण्याचे कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सुरांचे गट, लिहिलेले सापडले तर प्रत्येक कॉर्डच्या नावाचा सूर, म्हणजे रूट, त्याच्या पहिल्या मात्रेला वाजवा. नाही सापडले तर ई तारेवर एकेक फ्रेट सरकत शोधा. चुकीचा सूर गाण्याशी भांडतो, बरोबर सूर लागला की गाणं खाली बसल्यासारखं होतं. असं शोधलेलं एक गाणं वाचून वाजवलेल्या दहा गाण्यांपेक्षा जास्त शिकवतं. या काळात ऐकणं चालू ठेवा. राहुल देव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, त्या काळातली गाणी हेडफोनवर पुन्हा काढा. आजच्या वादकांमध्ये मुंबईच्या मोहिनी डे यांचं वाजवणं बघा. त्यांची चपळाई आपल्याला इतक्यात जमणार नाही, पण त्या सूर किती नेमका तोडतात तिकडे लक्ष द्या.

शिक्षक मिळाले तर जरूर जा, निदान पहिले दोन महिने. हाताची चुकलेली ठेवण समोरच्या माणसाला दिसते, व्हिडिओला दिसत नाही. परीक्षेची शिस्त आवडत असेल तर ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या दोघांच्याही बेसच्या ग्रेड परीक्षा भारतात देता येतात.

पावसाळा

कोकण, मुंबई, गोव्यातल्यांनी हे वाचाच. दमट हवेत लाकडी मान हलते आणि तारा गंजतात. वाजवून झाल्यावर जुन्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. बेस भिंतीला, विशेषतः बाहेरच्या ओल्या भिंतीला, टेकवून ठेवू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. पावसाळ्यात अचानक तारा उंच झाल्या किंवा झणझणायला लागल्या तर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा. तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट ठीक. त्याहून बरीच जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड फिरवावा लागेल. पहिल्यांदा तो कारागिराकडून फिरवून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. पुढे स्वतः कराल तेव्हा एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको.

गुळगुळीत, म्हणजे फ्लॅटवाउंड, तारा बोटाला मऊ लागतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यांचा आवाज जाड आणि जुन्या रेकॉर्डसारखा येतो. चमकदार आवाज हवा असेल तर राउंडवाउंड, त्यांची चमक लवकर उतरते. ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजारांशांत) संच पहिल्यांदा घ्या.

दुसऱ्यांबरोबर

दोन-तीन महिन्यांनी घरात एकटं वाजवणं पुरे करा. सोसायटीच्या गणपतीत, भजनाच्या मंडळात, कुठेतरी तबला किंवा ढोलकी वाजवणारा सापडतोच. पहिल्या भेटीत त्याला गाणं वाजवू नका म्हणून सांगा, नुसता ठेका धरायला सांगा, दहा मिनिटं. तुमचा आवाज इतका ठेवा की तुम्हाला त्याची ‘ना’ स्वच्छ ऐकू येईल. बसताना त्याच्या समोर बसू नका. तो उजव्या हाताने तबला वाजवणारा असेल तर त्याच्या डाव्या बाजूला, डग्ग्याच्या जवळ बसा, आणि नजर त्याच्या मनगटावर ठेवा. मनगट डग्ग्याच्या पुडीवर दाबलं गेलं, की सूर थांबवा.